पवळीचा गोऱ्हा आणि विलायती बाटली

१२ जानेवारी १८६४

पवळी गेली. व्याल्यावर ताप भरला, पडली, ती उठलीच नाही. मागे गोऱ्हा ठेवून गेली.

हकीकत नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी विचारले तर माझी गडबड व्हायला नको. कोणी म्हणजे घरची. पवळी तिची गाय. लग्नात तिच्या बापाने पातूरहून कालवड दिली होती, तीच ही. घरची सध्या पातूरला बहिणीच्या बाळंतपणाला गेली आहे. जाताना बैलबंडीत बसल्यावर एवढेच म्हणाली, "पवळी आता कधीबी व्याईन. तिच्यापासून हलू नका."

मी हललो नाही. फक्त अमरावतीला गेलो होतो. एका बाजाराला गेलो, तो पुढच्या बाजारापर्यंत राहावे लागले. तिकडे अमेरिकेत लढाई आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव, अशा दिवसांत शहाणा माणूस गोठ्यात बसत नाही. आणि वलगावहून अमरावती ती काय लांब! म्हणजे मी जवळच होतो.

माय म्हणते, "जवळ व्हता त दिसला काहून नाही?" म्हातारपणी माणूस काहीही बोलतो.

अमरावतीचे एजंट लिहितात तशी तारीख आजपासून इंग्रजी. निश्चय: घरची येईपर्यंत गोऱ्हा असा करायचा की पवळीचा विषयच निघू नये.

१३ जानेवारी

गोऱ्ह्याचे नाव कप्तान ठेवले. नावाने जनावराला उभारी येते.

गावात दुसरी ताजी व्यालेली गाय नाही. आमची म्हैस आहे, तिच्याखाली लावून पाहिला. तिने लाथ मारली. गोऱ्ह्याला नाही, मला. मांडी काळीनिळी. म्हशीला आपले-परके फार.

संध्याकाळी इनायतुल्ला आला. हा माझा दोस्त, कापसाच्या गाड्या अमरावती-खामगाव हाकण्याचा ठेका त्याचा. त्याने अमरावतीला साहेबाच्या बंगल्यावर पाहिले की मडम हरणाच्या पाडसाला बाटलीने दूध पाजते. पाडस गटागटा पिते! खानसाम्याकडून मोकळी बाटली आणून देतो म्हणाला. माझ्या डोक्यात लगेच सगळे लख्ख झाले. अख्ख्या वऱ्हाडात बाटलीवर वाढलेला पहिला बैल माझा. लोक बघायला येतील.

माय बोटाने चाटवू म्हणत होती. मी नाही म्हटले. एक काही तरी सिस्टम ठेवावी.

१४ जानेवारी, सकाळी

बाटली आली. हिरवी, जाड काचेची. तोंडाला सडासारखी मऊ कातड्याची बोंडी शिवून घेतली, आत थोडा कापूस. सुईने भोक पाडले, ते छोटे वाटले म्हणून दाभणाने पाडले.

तोच दिवस, दुपारी

पहिला प्रयत्न झाला. ठीक.

कप्तानाला दोन्ही पायांत धरले, मान वर केली, बाटली तोंडात दिली. म्हशीचे दूध झपाट्याने उतरले. पण त्याने गिळायचे सोडून श्वास घेतला. ठसका लागला. नाकातून दूध. डोळे पांढरे केले. मी पाठीवर थापट्या मारल्या, तोंड खाली केले, मायने हाका मारमारून गोठा डोक्यावर घेतला. मग आला श्वास.

घाई त्याचीच होती. तरी दाभणाचे भोक मोठे झाले असावे. बोंडी बदलणार. दौत दोनदा सांडली, म्हणून अक्षर असे आले आहे. दौतच कलती आहे.

१५ जानेवारी

कप्तान मला पाहून भिंतीकडे तोंड करतो. लाजतो.

मायच्या बोटावरून थोडे दूध चाटले त्याने. पण मायची कंबर धरलेली, तिला वाकून बसवत नाही. चार थेंबांवर गोऱ्हा कसा जगेल?

बाटलीचा दोष सापडला. दारूचा वास! साहेबाची बाटली, तिच्यात काय असणार? राखेने घासली, मग उकळते पाणी ओतले. तडकली.

पातूरकडे जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर घरचीला निरोप दिला: सगळे ठीक आहे, बहिणीपाशी निवांत राहा. यात खोटे काही नाही. गोऱ्हा आहे, म्हैस आहे, माय आहे, मी आहे.

१७ जानेवारी

इनायतुल्लाने दुसरी बाटली आणली. बोंडी नवी, भोक बारीक. मी गोठ्यात पाय टाकला की कप्तान थरथरतो. बाटली पुढे केली, दात आवळून बसला. वासराला इतकी ताकद जबड्यात असते हे मला नवीन होते.

इनायतुल्लाला बोलावले. तो उकिडवा बसला, म्हणाला, "महादेवरावभाऊ, तुमी त्याले ढोरासारखं पकडून राहिले."
म्हटले, ढोरच आहे.
तो म्हणाला, "हाय, पर आज त्याची माय नाही ना."

व्यापाऱ्याने असे हळवे होऊ नये.

१८ जानेवारी

आज नामी युक्ती. दिवाळीला पवळीच्या अंगावर घालायची झूल ट्रंकेत होती. तिला पवळीचा वास असणारच. मी ती पांघरली, गुडघ्यावर रांगत गोठ्यात गेलो, बाटली झुलीखालून पुढे काढली. हुबेहूब.

कप्तान आला! दोन पावले आला, हुंगले, आणि मी आनंदाने "ये रे राजा" म्हटले. आवाज ऐकला मात्र, मागच्या मागे उडाला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

त्याच वेळी पाटलाकडची माणसे कापसाच्या गोण्या मोजायला आली होती. त्यांनी मला झुलीत पाहिले. मी सांगितले की झुलीचे माप घेत होतो.

युक्ती बरोबर होती. बोलायला नको होते.

२० जानेवारी

कप्तान सकाळपासून बसून आहे. कान गार.

दुपारी

उठत नाही. मायने भिंतीला टेकून कसेबसे बोटाने पाजले. ओठावर थांबले, आत गेले नाही.

दिवस मावळताना

थोडे चाटले. फार थोडे. पोते पांघरले त्याच्यावर. मी दाराच्या बाहेरच बसलो आहे, कारण आत गेलो तर तो उठायचा प्रयत्न करतो आणि पडतो. कापूस खामगावला न्यायचा होता. जाईन उद्या. भाव काही पळून जात नाही.

२१ जानेवारी

जिवंत आहे. मायचे बोट आज चोखले म्हणे. मी पाहिले नाही, मला गोठ्यात मनाई आहे. कोणी केली? मायने. माझ्याच घरात.

इनायतुल्लाचा गाडीवान अकोल्याहून आला. म्हणाला, तुमची घरची मूर्तिजापूरच्या पुढे भेटली, बंडीत, गावाकडे निघाली. मी विचारले, तिला कोणी काही सांगितले का? तो म्हणाला, "गाय मेल्याचं त रस्त्यानं समद्याइले माहीत हाय, साहेब."

नंतर विचार केला, तर हे बरेच झाले. सांगायचे काम वाचले.

२२ जानेवारी

घरची आली.

बंडीतून उतरली ती सरळ गोठ्यात. पवळीचा खुंट रिकामा. त्याला हात लावून उभी राहिली. डोळ्याला पदर लावला नाही, त्यामुळे मला वाटले की फार मनाला लावून घेतलेले नाही. मी म्हणालो, प्रवास बरा झाला ना? ती मायला म्हणाली, "आत्याबाई, दूध कोमट करा."

मग गोऱ्ह्याजवळ खाली बसली. त्याच्या शेजारी, त्याच्याएवढी होऊन. बराच वेळ काही केले नाही, फक्त मानेखाली खाजवत राहिली. मग ओठाच्या कोपऱ्यातून बोट घातले. चोखू लागला तशी बोटाशेजारून बोंडी सरकवली. मान वर नाही, खालीच. बाटली तिरपी.

कप्तान प्याला. अर्धी बाटली. शेपूट हलवली.

इतक्या दिवसांत जे मी त्याला शिकवले, त्याचे फळ नेमके आज आले. योगायोग. मी हे बोलून दाखवले. घरची मायला म्हणाली, "आत्याबाई, यायले म्हनावं गोठ्यातून बाहेर व्हा."

२४ जानेवारी

कप्तान उभा आहे. चारही पायांवर. सकाळ-दुपार-संध्याकाळ पितो.

घरची माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण "घ्या" म्हणत नाही. सांगायचे असेल ते मायला सांगते. माय नसली तर म्हशीला. सकाळी म्हशीला म्हणाली, "कोनी तरी चुलीसाठी पऱ्हाट्या आनून टाकल्या त बरं होईन." वावरातून कापसाच्या वाळक्या काड्या आणून टाकल्या.

हे दोन-चार दिवस चालेल. मी मनाने मोठा आहे.

२६ जानेवारी

एक गोष्ट लक्षात आली आहे. लिहावी की नाही ठरत नाही.

कप्तान घरचीच्या हातून पितो. मायच्या हातून पितो. काल इनायतुल्लाने सहज बाटली धरली, प्याला. आज एक गाडीवान पाणी मागायला आला होता, मूर्तिजापूरचा, जन्मात कप्तानाने त्याला पाहिलेले नाही, त्याच्याही हातून प्याला आणि वर त्याचा गुडघा चाटला.

माझ्या हातून नाही.

कारण पगडी असावी. उद्या पगडी काढून जातो.

२७ जानेवारी

पगडी नव्हे. इनायतुल्लाचा अंगरखा घालूनही पाहिला. अंधारात उभा राहिलो. तोंड फडक्याने बांधले. माझी चाहूलच ओळखतो. खोकलो नाही, शिंकलो नाही, तरी ओळखतो.

इनायतुल्ला म्हणाला, "ठसक्याची याद हाय त्याले." म्हटले, एवढेसे वासरू, त्याला कशाची याद? तो म्हणाला, "त मंग तुमाले काहून हाय?"

त्याच्याशी दोन दिवस बोलणार नाही.

२९ जानेवारी

आज जे झाले ते कमीत कमी शब्दांत.

घरची पऱ्हाट्या वेचायला वावरात. माय शेजारी. कप्तान भुकेने हंबरू लागला. दूध कोमट होते, बाटली होती, मी होतो. सर्वांना दाखवून द्यायची वेळ होती. गोठ्याचे दार लावले आणि पुढे झालो. हळूच. अगदी घरची करते तसा खाली बसलो. बोट पुढे केले.

त्याने दाव्याला असा हिसका दिला की खुंटच उपटला. दार धडकून उघडले. अंगणातून रस्त्यावर. आणि रस्त्यावर कापसाच्या गाड्या, एकामागे एक, भरलेल्या, उताराला लागलेल्या.

मी मागे धावलो. मी धावलो म्हणून तो आणखी जोरात धावला. मी ओरडलो म्हणून आणखी. पुढच्या गाडीचे बैल बिचकले, चाक फिरले, गोऱ्हा दोन बैलांच्या पायांत गेला. मले वाटलं, संपलं. मी जागच्या जागी बसलो. डोळे झाकले.

गाडीवानाने बैल मागे रेटून धरले. दुसऱ्या बाजूने घरची धावत आली, वावरातून तिला दिसले होते. तिने गोऱ्ह्याला उचलले, लहान पोराला उचलतात तसे, पाय लोंबत. त्याच्या पुढच्या पायाचे सालटे निघाले होते. तिच्या पायांत काटे. माझ्यासमोरून गेली. मी म्हणालो, "म्या मुद्दाम नाही केलं." ती थांबली, मग गोऱ्ह्याला घेऊन आत गेली.

निश्चय: यापुढे बाटलीला हात लावणार नाही. कापूस खामगावला नेईन, भाव मिळवीन, दुसरी गाय आणीन. तीन गायी आणीन.

३० जानेवारी

खामगावला निघालो नाही. गाडीचा आख कुरकुरतो आहे.

खरे म्हणजे आख ठीक आहे.

३१ जानेवारी

घरचीला कालपासून ताप. काटे पायात मोडले, पाय सुजला आहे. मायची कंबर. इनायतुल्ला गाड्या घेऊन गेला. कप्तान सकाळपासून हंबरतो आहे. मी ओसरीवर कानांत बोटे घालून बसलो होतो.

घरची बाजेवरून उठली. भिंत धरत गोठ्यात गेली आणि गोऱ्ह्याशेजारी बसली. बाटली तिच्या हातात होती, पण हात ज्वराने इतका थरथरत होता की दूध जमिनीवर सांडत होते. कप्तान बोंडी शोधत होता, त्याला सापडत नव्हती.

मग ती बोलली. म्हशीला नाही.

"ऐकता का? गोठ्याच्या मागून या. कुडापाशी बसा. बोलू नका."

मी मागून गेलो. कूड म्हणजे गोठ्याची मागची भिंत, शेणामातीने लिंपलेल्या पऱ्हाट्यांची; तिने आतून शेण-माती उकरून एक फट केली. फटीतून बाटली माझ्याकडे ढकलली. मी धरली आणि फक्त बोंडी आत जाईल एवढी पुढे केली. मला आतले काही दिसत नव्हते. पालथा पडलो होतो, तोंडात माती. श्वास सुद्धा बेताने घेत होतो.

आतून तिचा आवाज आला. मोठ्याने, गोऱ्ह्याला ऐकू जाईल असा. "पी रे लेकरा, पी. मीच हाव. माह्याच हातचं हाय."

काही वेळ काहीच नाही. मग बाटलीला एक झटका बसला. पुन्हा बसला. मग सारखे ओढणे सुरू झाले, इतके जोरात की मला दोन्ही हातांनी धरावी लागली. बाटली रिकामी झाली तरी तो ओढत होता. मी सोडली नाही.

संध्याकाळीही मीच पाजले. कुडामागून.