हंबीररावांनी राळ उडविली

कोरेगाव, रविवार, १२ सप्टेंबर १९४३. पहाटे ५.

अललललल... डुर्र्र!

साठ वर्षांपूर्वीचा आवाज. आज अंथरुणात पडल्या पडल्या जसाच्या तसा ऐकू आला. आमचे आजोबा, हंबीरराव शिंगटे, जोंधळ्यातल्या माळ्यावर उभे राहून पाखरांवर हा आवाज टाकीत. पाखरे उडतच, पण पलीकडच्या रानातली म्हैससुद्धा दावे तोडून पळे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. विचारले, आबा, हे काय? म्हणाले, हा राक्षसाचा आवाज, नाटक कंपनीतला. एवढेच. पुन्हा डुर्र.

नाटकातला राक्षस! आणि ही गोष्ट मी साठ वर्षे उशाखाली घालून झोपलो. धिक्कार असो.

काल लालासाहेब भेटला. माझाच विद्यार्थी, आता वाचनालयाचा चिटणीस. म्हणाला, मराठी नाटकाला शंभर वर्षे झाली, सांगलीत मोठा उत्सव आहे, त्या निमित्ताने आपणही वाचनालयाच्या भिंतीवर तालुक्यातल्या जुन्या कलावंतांच्या तसबिरी लावू. पाच नावे ठरली. सहावा खिळा रिकामा आहे. पुरावा ३१ ऑक्टोबरपर्यंत आणावा.

तो खिळा आमचा. मी चौतीस वर्षे असिस्टंट मास्तर होतो. दरवर्षी जुन्या हेडमास्तरांच्या तसबिरींना हार घालण्याचे काम माझ्याकडे असे. आमच्या घराण्यातले कोणी आजवर भिंतीवर गेलेले नाही. लिंपायला गेले असतील तेवढेच.

आजपासून रोज पहाटे पाचला उठणे. चहा बंद. आजोबांचे चरित्र लिहिणे, प्रकरणे बारा, दिवाळीपर्यंत फायनल.

त्याच दिवशी, सकाळी ९. चहा घेतला. रिसर्चला तरतरी लागते.

१९ सप्टेंबर.

मुखपृष्ठ लिहून झाले. सात वेळा. शेवटी 'नटशार्दूल हंबीरराव' हे नक्की केले. सौ.ने विचारले, "शार्दूल म्हंजी?" वाघ, म्हटले. तर म्हणाली, "मग वाघ म्हना की. घरात कोन वाघ झाला न्हाई, कागदावर तरी हूंद्या." हिला भाषेचे सौंदर्य कळत नाही. बेचाळीस वर्षे शिकवतो आहे.

पहिले प्रकरण उद्या.

२६ सप्टेंबर.

प्रूफ सापडले! माडीवरच्या तांब्याच्या हंड्यात, जुन्या चिंध्यांखाली, मोडीतले पत्र. सन १८६५. नाटक कंपनीच्या मालकाने आमच्या पणजोबांना लिहिलेले. मोडी मला येते, वेग तेवढा कमी आहे. दोन दिवसांत पहिले पान लावले. जसेच्या तसे उतरवून ठेवतो:

"चिरंजीव हंबीरराव याणी सातारा मुक्कामी राळ उडविली ती ऐसी उडविली की साहेब व मडम खुर्ची सोडोन उठोन गेली. दुसरे रोजी खेळ बंद करविला. सबब हंबीरराव यांस निरोप देणे भाग पडले."

सत्तावनचे बंड होऊन अवघी आठ वर्षे झालेली, आणि आमचे आजोबा राक्षसाच्या वेषात भर रंगभूमीवरून साहेबाच्या तोंडावर राळ उडवतात! खेळ बंद पडतो, नोकरी जाते, पण माणूस वाकत नाही!

सौ. म्हणाली, "राळ म्हंजी ती वान्याकडली न्हवं? इस्तवावर टाकली की भडका हुतो ती?" मी हसलो. मग तिला अभिधा, लक्षणा आणि व्यंजना समजावून दिल्या. राळ उडवणे म्हणजे कडाडून टीका करणे, जशी वर्तमानपत्रे एकमेकांवर रोज उडवतात. 'तो घोड्यावर बसला आहे' म्हणजे दर वेळी खाली घोडा असतोच असे नाही. अर्धा तास लागला. भाकरी करपली. ती मलाच मिळाली.

पत्राचे दुसरे पान बारीक अक्षरात आहे, शाईही उडाली आहे. हवापाणी, क्षेमकुशल वगैरे असणार. सोडून दिले.

३ ऑक्टोबर.

पहाटे साडेसातला उठलो. ओवी झाली:

हंबीरे उडविली ऐसी राळ । की साहेब जाहला घायाळ ।
मडमेचे सरले बळ । सभेमाजीं ॥

शाळेत मुलांना कविता चालीवर म्हणायला लावायचो, तशी मोठ्याने म्हणून पाहिली. शेजारच्या साळूबाईने भिंतीवरून विचारले, कुणाला बरं न्हाई का. 'घायाळ' हा अर्थात केवळ अलंकार आहे. साहेबाला इजा झाली असे मला म्हणायचे नाही.

६ ऑक्टोबर.

तसबिरीचा प्रश्न. आजोबांचा फोटो नाही. गाड्यांच्या पाट्या रंगवणारा नाथाजी आहे, त्याच्याकडून फळीवर रावण काढवून घेतला. नाक घराण्यातलेच हवे म्हणून मी स्वतः समोर बसलो. पण फळीवर पाचच डोकी मावली. नाथाजी म्हणाला, "ऱ्हायल्याली पाच मागल्या अंगाला हायत म्हना, मास्तर. कोन उलटं करून बगतंय?" पाचही चेहरे हुबेहूब माझे आले आहेत. मिशा तेवढ्या रावणाच्या.

सौ. फळीकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "एक हाय ती पुरं न्हवतं का?"

१२ ऑक्टोबर. सांगली.

आगगाडीने मिरज, तिथे बदलून सांगली. गाडीत दोन जणांना आजोबांची हकिकत सांगितली. एक जण मध्येच उतरला. त्याचे गाव पुढे होते असे नंतर कळले.

घाटाजवळ केरबा राहतो. वय नव्वदीला टेकलेले. लहानपणी त्याच कंपनीत पाणी भरायला होता, आजोबांना डोळ्यांनी पाहिलेला आता हा एकच माणूस. ऐकायला कमी येते. कानाला तोंड लावून ओरडलो, हंबीरराव शिंगटे! मी त्यांचा नातू, कोरेगावचा! म्हातारा एकदम उठून बसला.

"हंबीर? राळंचा हंबीर व्हय? आरं बाबा, लय दांडगा गडी! त्येनं राळ उडवली की मग राजाचं त्वांड दिसायचं!"

नोंद: राजाचे खरे तोंड जनतेला दाखवून दिले. केवढी राजकीय दृष्टी!

विचारले, साताऱ्यात साहेबावर उडवली ते खरे का?

"उडाली की! मडमेचं डोस्कं पेटलं नव्हं का!"

नोंद: मडमेचे माथे भडकले. म्हणजे टीका वर्मी लागली.

विचारले, आणि आजोबांना भीती नाही वाटली?

"त्याच्या भिवया तर कवाच गेल्या हुत्या."

हे नीट कळले नाही. केरबाला दात नाहीत. 'भीती कवाच गेली हुती' असे म्हणाला असणार. तसेच लिहिले.

निघताना म्हातारा माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत बसला. म्हणाला, "हात बी तसंच हायत, पंजा मोठा हाय." डोळे भरून आले. म्हटले, हे हात लेखणीचे आहेत बाबा. त्याला ऐकू गेले नाही.

१७ ऑक्टोबर.

हँडबिले छापून घेतली, दोनशे. मथळा: 'इंग्रजी सत्तेवर राळ उडविणारा पहिला नट!' खाली ओवी व माझे नाव-पत्ता. बाजारात, स्टेशनावर, चावडीसमोर लावली. लोणंदच्या बाजारालाही पंचवीस धाडली.

सौ. घाबरली आहे. "आवं, पोलीस रानोमाळ पोरांस्नी धुंडाळत फिरत्यात, आन् तुमी सवता नाव छापून दिलं? पत्त्यासकट?" म्हटले, येऊ देत. हंबीररावाचा नातू आहे मी. ती म्हणाली, नातू हाय म्हनूनच भ्या वाटतं.

चरित्राचे पहिले प्रकरण दिवाळीनंतर. दिवाळीत घाई होते.

२४ ऑक्टोबर.

आज वाचनालयात पुरावा सादर केला. लालासाहेब, त्याचे वडील आणि आणखी अकरा माणसे. मी फळी खुर्चीवर उभी केली, पहिले पान खणखणीत आवाजात वाचले, ओवी चालीवर म्हटली. लालासाहेब म्हणाला, "मास्तर, शोभलं!" खिळा पुसूनसुद्धा ठेवला होता.

मग त्याच्या वडिलांनी दुसरे पान मागितले. त्यांची उभी हयात मोडी दप्तरात गेली. चष्मा लावून ते मोठ्याने वाचू लागले:

"हंबीरराव मनुष्य सालस. मशाल धरण्यात वाकबगार. परंतु मूठ आवरत नाही. राक्षस आत येते समयी मशालीवर राळ मूठभर टाकावी ऐसे बजाविले असता ओंजळ टाकितो. भडका छतापावेतो गेला. मडमेचे टोपीवरील पीस जळाले. आपणांस विदित व्हावे."

मग त्यांनीच उलगडून सांगितले. तेव्हा गॅसबत्त्या नव्हत्या. नटाच्या तोंडापुढे मशाल धरायला माणूस असे. राक्षस आला की तो मशालीवर राळेची पूड टाकी, भडका उडे, आणि बघणारे दचकत. म्हणजे हंबीरराव नट नव्हते. मशालजी होते.

कोपऱ्यातून कोणीतरी हसले. मग सगळेच.

लालासाहेब हसला नाही. पोरगा गुणी आहे. हळूच म्हणाला, "मास्तर, तसबीर न्हाई जमायची. पर खाली एका ओळीत 'साहाय्य' म्हणून नाव घालूया का?"

मी पत्र उचलले, फळी उचलली आणि बाहेर पडलो. दारात फळी आडवी झाली, दोघांनी सरळ करून दिली. पुलापर्यंत आल्यावर फार चांगले उत्तर सुचले. तोवर उशीर झाला होता.

२५ ऑक्टोबर.

साहाय्य! कुणाला साहाय्य?

शांतपणे विचार केला. तोंडाला काळा-तांबडा रंग फासलेला माणूस पडद्यातून आला, तर तो रंग फासलेला माणूसच. पोरे हसतील. भडका उडाला की मग राक्षस. म्हणजे राक्षस कोणी केला? हंबीररावांनी. पाच तसबिरींतल्या एकाच्या तरी खेळातून साहेब उठून गेला आहे काय? पीस जळाले म्हणून का होईना, पण गेला ना?

हे सगळे सौ.ला सांगितले. मला वाटले टोमणा मारील. भाकरी थापता थापता म्हणाली, "मग त्येच सांगायचं हुतं की तिथं. रावण कशाला रंगवला?"

फळी बाहेर रस्त्याकडच्या भिंतीवर टांगली आहे. ती काढणार नाही.

आणखी एक मुद्दा सुचला, आणि तो बिनतोड आहे. हँडबिले अजून भिंतींवर आहेत. सरकारला मोडी येत नाही, दुसरे पान सरकारने वाचलेले नाही. राजद्रोही आजोबांचा गौरव केला म्हणून सरकारने मला पकडले, तर खुद्द सरकारच सिद्ध करील की हंबीररावांनी सरकारवर राळ उडवली. मग लालासाहेब काय बोलणार? पिशवी भरून ठेवली: दोन धोतरे, लोटा, शाळेतली कवितांची वही.

२६ ऑक्टोबर. पोलीस आले नाहीत.

२७ ऑक्टोबर. आले नाहीत. पिशवीतले एक धोतर सौ.ने धुवायला काढले.

२९ ऑक्टोबर. दिवाळी. सरकारलाही सुट्टी असेल.

३० ऑक्टोबर.

एक पोलीस आला! आमच्या भिंतीवरचे हँडबिल त्याने नीट वाचले. मी दारात ताठ उभा राहिलो. त्याने हँडबिलाचा कोपरा फाडला, त्यावर चुना घेतला, तंबाखू मळली आणि मला विचारले, "मास्तर, पुण्याची गाडी गेली का वो?" गेली, म्हटले. तोही गेला.

३१ ऑक्टोबर. शेवटची तारीख.

दुपारपर्यंत कोणी नाही. सहाव्या खिळ्याला लालासाहेबाने छत्री अडकवली आहे, असे कळले. अडकवू दे. हे सरकार भित्रे आहे, हे वाचनालय त्याच्याहून भित्रे आहे, आणि चरित्र मी लिहिणारच. प्रकरणे बाराच्या जागी सहा केली, म्हणजे जोर येईल.

सायंकाळी ५. कडी वाजली. जोरात. सौ. म्हणाली, "आलं वाटतं." तिचा आवाज कापत होता. माझाही कापला असता, पण मी बोललो नाही. टोपी नीट केली, पिशवी खांद्याला अडकवली, दार उघडले आणि बेड्यांसाठी दोन्ही हात पुढे केले.

दारात एक उंच धनगर. खांद्यावर घोंगडे, पायांत धूळ गुडघ्यापर्यंत. माझ्या पुढे केलेल्या हातांवर त्याने एक जड गाठोडे ठेवले. आत उग्र वासाची पिवळी पूड.

म्हणाला, "मी धुळा. जतकडनं आलोय. राळंच्या हंबीररावाचं घर ह्येच न्हवं? गावात नाटक बशिवलंय. राक्षस झ्याक हाय, पर राळ कुनाला उडवाया यीना. सांगलीचा केरबा म्हनला, कोरेगावला नातू हाय, पंजा तसाच हाय, घिऊन जावा. चला, मिरजंची गाडी चुकंल."

मी त्याला स्पष्ट सांगितले की मी रिटायर्ड शिक्षक आहे, माझा विषय भाषा व कविता, आणि हे काम मी जन्मात केलेले नाही.

तो उंबऱ्यावर बसला, पागोट्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "आसूं द्या, मास्तर. शिकताल."