भिंत न मिळालेली पाच घरं

३ नोव्हेंबर
चूक माझीच आहे! म्युनिकला बाहेरून वळसा घालणारा ऑटोबान रुंद होणार, त्याच्या आवाजाचा हिशोब आमच्या ऑफिसने केला – म्हणजे मी. आज सहज फाइल उघडली. माझ्याच गल्लीतली पाच घरं वर्कशॉप म्हणून भरली आहेत! हजारो घरं जुन्या नकाशावरून उचलली, एकदाही तपासली नाहीत. वर्कशॉपला जास्त आवाज चालतो. म्हणून इथे आवाज अडवणारी भिंत नाही.

४ नोव्हेंबर
साहेबांना, लेन्त्सना, सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. "पाच घरं, शार्दूल. हरकतींची मुदत चौदाला संपते. कोणी विचारलं तर बघू." मग, अगदी हळू – "तुझं कॉन्ट्रॅक्ट जानेवारीत रिन्यू व्हायचंय ना?"

७ नोव्हेंबर
ऊर्मिलाला फोनवर सगळं सांगितलं. लग्नाला सात महिने झाले, ती अजून सांगलीतच. व्हिसाची अपॉइंटमेंट डिसेंबरात. म्हणाली, "आधी मला तिथे येऊ दे. मग सांग कोणाला काय सांगायचंय ते."
तिला काय दोष देऊ? मला तेच ऐकायचं होतं.

११ नोव्हेंबर
घरमालकीणबाईंनी, फ्राउ आयग्नरनी, खालून हाक मारली. वय अठ्ठ्याहत्तर, हातात भिंग, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमचेच तक्ते पसरलेले. खिडकी बंद, तरी ट्रकांची घरघर आत येत होती. "तू इंजिनियर आहेस. हे आकडे बरोबर आहेत का सांग. नसतील तर हरकत लिहिते."
आत्ता सांगावं – अगदी ओठांवर आलं होतं.
"बरोबर आहेत," म्हणालो.
त्यांनी कागद गोळा केले. मला सफरचंदाचा केक वाढला. मी खाल्लाही!

१४ नोव्हेंबर
मुदत संपली.

१९ नोव्हेंबर
शेजारचे योसेफ कचरा टाकताना भेटले. बायकोला झोप लागत नाही म्हणून त्यांनीही हरकत लिहून ठेवली होती. "पण आयग्नरबाई म्हणाल्या, शार्दूलने बघितलंय. मग कशाला पाठवायची?" वर माझे आभार मानले. हात मिळवला. घरी येऊन तो हात कितीदा धुतला!

२४ नोव्हेंबर
रस्त्याच्या मंजुरीचं काम बघणाऱ्या कार्यालयाला सहीनिशी लिहून दिलं – चूक माझी, पाचही घरांत माणसं राहतात. काउंटरवरच्या बाईंनी शिक्का मारला. "मुदत होऊन गेली आहे. विचारात घेतीलच असं नाही." लेन्त्सना उद्यापर्यंत कळेल. ऊर्मिलाला अजून सांगितलेलं नाही.

२५ नोव्हेंबर
पत्राची प्रत फ्राउ आयग्नरना दिली. दोनदा वाचली. "त्या दिवशी टेबलापाशी बसला होतास, तेव्हा माहीत होतं?" हो म्हणालो.
"डिसेंबरअखेर खोली रिकामी करा."
तीन वर्षं मला 'तू' म्हणत होत्या.