फोटो माझा, कवळी माझी, तक्रारही माझी

तीर्थरूप दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा दोन्ही हात जोडून आणि दात आवळून नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला थांबला का? (मी मधाचं चाटण सांगितलं होतं. ते तूच चाटून संपवलं असशील.) लेक अभ्यासात असेलच. इकडे मी ठणठणीत आहे. तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, ते आधी देऊन टाकते. होय, कवळी नीट बसली आहे, जेवताना पडत नाही. हे उत्तर आमच्या शाळेतल्या एकूण एक वर्गाला, दोन्ही शिपायांना आणि पालक संघाच्या अध्यक्षीणबाईंनाही हवं होतं, कारण तुझा प्रश्न त्या सगळ्यांनी वाचला होता. कसा वाचला, ते सांगते. नीट टेकून बस.

तुला माहीत आहे, मी रसायनशास्त्र शिकवते आणि फोनवर फक्त बोलते. पण शिक्षकांच्या बैठकीच्या दिवशी मी दंतवैद्याकडे तोंड उघडून पडले होते, आणि जो बैठकीला नसतो त्याच्या गळ्यात नको ते काम बांधायचं अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे. त्यामुळे मी 'विद्यार्थ्यांची ऑनलाइन सुरक्षितता' या खात्याची प्रमुख झाले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही ॲसिडच्या बाटल्या सांभाळता, मोबाइल म्हणजे किस झाड की पत्ती!" मीही इरेला पेटले. सभागृहात मोठा पडदा, त्याला माझा फोन जोडलेला, पडद्यावर मथळा: 'आपली खासगी माहिती कशी जपावी?' मी माझा तो आवाज लावला (ज्या आवाजापायी तू मला टिटवी म्हणतोस, तोच) आणि गरजले, "मुलांनो, इथे एकदा बाहेर गेलेली गोष्ट कधीही परत घेता येत नाही!" सभागृहात चिडीचूप. मला वाटलं, पोहोचलं बरं का यांच्यापर्यंत! तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी खिंकाळलं. वळून बघते तर मथळ्याच्या बरोब्बर खाली, हाताएवढ्या अक्षरांत, तुझा निरोप: 'टिटवे, कवळी बसली का? की अजून ताटात पडते?'

पुढचं भाषण झालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळपर्यंत एक चित्र घरोघरी पोहोचलं होतं. टिटवीचं अंग, त्यावर माझं डोकं, माझा चष्मा, आणि चोचीतून लोंबणारी कवळी. (काम सुबक होतं. चष्म्याच्या काडीला मी गुंडाळलेला दोरासुद्धा सोडला नव्हता.) पहिल्यांदा मीही हसले. मग शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की बोलणी थांबू लागली. मी फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले, वर्गाकडे वळले की तोंडावर रुमाल. आणि हात सारखा फोनकडे जायचा, आता कोण काय म्हणालं ते बघायला. बघितलं की वाटायचं उगाच बघितलं, आणि ठेवून दिला की पुन्हा उचलायचा. दादा, पन्नाशी उलटलेली बाई मी, पोरांनी काढलेल्या एका चित्रापायी मला घास गोड लागेना. पण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, सुरक्षितता खात्याच्या प्रमुखच बघा कशा रडतात.

अशात एका दुपारी प्रयोगशाळेत नववीतली एक मुलगी मागे राहिली. लांब वेणी, वर्गात तोंडातून शब्द नाही, म्हणून आम्ही तिला मुकीच म्हणायचो. (यापुढे नाही म्हणणार.) धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा पुन्हा धूत होती. मी म्हटलं, "अगं, काच झिजेल."

ती पाठमोरीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज कशा येता हो शाळेत? मी तुमच्या जागी असते तर आले नसते."

आणि मग बांध फुटला. ते चित्र ॲपवरच्या ज्या खात्यावरून आलं होतं त्यावर तिचं नाव होतं, तिचाच फोटो होता, पण खातं तिचं नव्हतं. कोणीतरी तिच्या नावाने उघडून मैत्रिणींबद्दल वाटेल ते लिहीत होतं, त्यामुळे डबा खायला तिच्याजवळ कुणी बसेना. आणि आता माझं चित्र. मुख्याध्यापकांनी तिच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं, काही दिवस शाळेतून निलंबितच करणार होते.

"घरी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की आधी हातातला फोन जातो, मॅडम. मग एकाच मैत्रिणीशी बोलणं उरलंय, तेही जाईल."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी भाषणात मुलांना सतरा धोके सांगितले होते, पण आम्हाला सांगण्यातच त्यांना सगळ्यात मोठा धोका वाटतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत रणकंदन झालं. एका खुर्चीत ती, दुसरीत तिचे वडील (बेकरी चालवतात, बाह्यांना पीठ तसंच), आणि मुख्याध्यापक टेबलावर बोट आपटत, "शिक्षकांची अशी बदनामी ही शाळा खपवून घेणार नाही!" मी उभी राहिले. म्हटलं, "सर, फोटो माझा, कवळी माझी, तेव्हा तक्रारही माझी. आणि माझी तक्रार या मुलीविरुद्ध नाही." मग आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी केलेलं सगळं पुढे ठेवलं: प्रत्येक मजकुराचा स्क्रीनशॉट, ज्या वेळी ती माझ्यासमोर वर्गात बसली होती त्याच वेळी टाकलेले मजकूर, आणि खातं बनावट आहे म्हणून ॲपच्या कंपनीकडे केलेली तक्रार. मुख्याध्यापकांचं बोट हवेतच राहिलं.

वडील मात्र लालबुंद. "आधी तो फोन इकडे आण!" मी मधे हात घातला. "फोन तिच्याकडेच राहील. मी तिला शब्द दिलाय." माझ्या आवाजाने खिडकीची काच थरथरली असावी, कारण ते एकदम खाली बसले. मग लेकीकडे बघून हळूच म्हणाले, "इतके दिवस एकटीच सोसत होतीस होय गं?" त्यावर ती जी रडली, दादा, की मुख्याध्यापकांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. (इस्त्रीचा. ते तो कुणालाही देत नाहीत.)

खातं बंद झालं. आणि मी पुन्हा सभागृह मागितलं. या वेळी मथळाबिथळा काही नाही, पडद्यावर थेट टिटवीचं चित्र. म्हटलं, "ही मी. हे बघून मला रोज शाळेत यायची भीती वाटत होती. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल तर मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत या. सांगणाऱ्याचा फोन काढून घेतला जाणार नाही. मुख्याध्यापकांनी तसं कबूल केलंय." (केलं नव्हतं. सगळ्यांदेखत मान डोलावण्यावाचून त्यांना गत्यंतर उरलं नाही.) टाळ्या थांबेनात. मी कवळीसकट हसले, रुमालाशिवाय!

मधल्या सुट्टीत जिन्यापर्यंत रांग. कुणाला अनोळखी माणूस फोटो मागतो, कुणाला मोबाइलवरचा खेळ सोडवत नाही, कुणी नुसताच येऊन बसतो. तिसऱ्या दिवशी जी आली, ते खातं तिनेच उघडलं होतं. त्या मुलीची जुनी जिवलग मैत्रीण. रुसव्यातून गंमत सुरू केली आणि थांबवायची कशी ते कळेना. मी दोघींना त्यांच्या आयांसकट चहाला एका टेबलाशी बसवलं. लगेच गळ्यात गळे पडले नाहीत, पण तिने माफी मागितली आणि हिने मान डोलावली. हल्ली डबा एकाच बाकावर खातात, मधे थोडी जागा सोडून. आणि काल रांगेच्या शेवटी कोण? मुख्याध्यापक! बक्षिसात कुकर लागला म्हणून कुठल्याशा लिंकवर बोट दाबून बसले होते. मी त्यांचाही फोन घेतला नाही.

वहिनीला नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझीच,
टिटवी

ता. क. वहिनीने विणलेला स्वेटर बाह्यांत आखूड होतो. तिला सांगू नकोस.

ता. क. (पत्राचं खरं कारण) गेल्या महिन्यात तू लेकीचा फोन कपाटात कुलूपबंद केलास, त्याच्या आधीपासून ती कशाने तरी हैराण आहे. शेजारणीच्या फोनवरून माझ्याशी बोलली. निस्तरता येईल असंच आहे, पण तुला सांगायची तिची छाती होत नाही. तू ओरडणार नाहीस आणि फोन परत देशील, असं मी तुझ्या वतीने कबूल करून बसले आहे. आता माझं नाक कापू नकोस.

ता. क. हे पत्र मी तिच्या नावाने पाठवलं होतं. धीर होईल तेव्हा बाबांच्या हातात दे, म्हटलं. तू हे वाचतोयस, त्याअर्थी तिने धीर केला. ती तिथेच दाराशी उभी असेल. आता तुझी पाळी.