धोंड्याचं अर्धं ताट आणि दुसऱ्यांदा जोडलेलं कार्ड

जळकोट,
अधिक ज्येष्ठ, वद्य पक्ष (तिथी नक्की सांगता येत नाही; कॅलेंडरपाशी ताई बसली आहे)

आदरणीय सिद्धेश्वर दाजी यांना,

तुमचा मेहुणा योगीराज याचा हात जोडून, मान खाली घालून नमस्कार. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. तुमची तब्येत कशी आहे? ओठांची सूज उतरली का? नळदुर्गच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पुऱ्या घेतल्या, की बरं वाटताच सोडून दिल्या? (ताई म्हणते, सोडल्या असणार. हा अंदाज तिचा, माझा नव्हे.) कळंबच्या मोंढ्यात आवक कशी आहे, अडतीवर गर्दी आहे का, हेही विचारायचं होतं. पण तुम्ही फोन उचलत नाही आणि मेसेज उघडत नाही, म्हणून हे पत्र रामहरी कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे. तुमच्याच हातात देईन असं त्यानं कबूल केलंय. फाडण्याआधी एकदा वाचा, एवढीच विनंती.

मुद्द्याचं आधी सांगतो. अधिक महिना संपत आला. अमावास्या उलटली की जावयाला धोंडे खाऊ घालायचा योग पुन्हा तीन वर्षांनी. तुमचं ताट अर्धं राहिलं, तुम्ही कळंबला गेलात आणि ताई इथंच राहिली. ती म्हणते, "अर्धं ताट सोडून गेलेत ते. येऊन पुरं करतील तवाच म्या जाईन." तुम्ही जाताना आण्णांना म्हणालात, "मामा, तुमच्या घरात माझ्यापरीस त्या पेटीला मान हाय. आता ह्या उंबऱ्यात पाय न्हाय ठेवायचा." आता दोघांपैकी कोण आधी हलतंय याची वाट बघत आई देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते आहे. तुमचा राग दाण्याचं कूट खाऊ घातल्याचा नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. ते तुम्ही मोठ्या मनानं गिळलंत (म्हणजे रागाच्या अर्थानं म्हणतोय मी). तुमचा राग आहे तो दवाखान्यात मी जे ओरडलो त्याचा. ते का ओरडलो हे सांगायचं तर त्या पेटीची हकीकत सांगावीच लागेल, आणि ती लांब आहे.

पेटी म्हणजे माझ्या कामाचं कॉम्प्युटर मशीन. त्या पेटीत एक नेटवर्क कार्ड बसतं आणि मी त्याचा ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कार्ड यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम. (आण्णांच्या मते हे सोयरीक जमवण्यासारखंच काम आहे, फक्त ह्यात मानपान नाही. मानपान आहे, ते पुढं येईल.) कार्ड बसवलं की ड्रायव्हर येऊन बघतो, हे कुणाकडचं, आपलं आहे का, आणि आपलं असेल तर आत घेतो. याला म्हणतात प्रोब. त्याच वेळी ड्रायव्हरच्या हातात बाहेरून एक चिठ्ठी दिलेली असते: या कार्डाला कसं वागवायचं, माहितीच्या किती रांगा लावायच्या, केवढी पाकिटं घ्यायची. आमच्यात तिला आर्ग्युमेंट म्हणतात, पण सध्याची परिस्थिती बघता मी चिठ्ठीच म्हणतो. चिठ्ठी असेल तर त्याप्रमाणं करायचं, नसेल तर डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही सांगितलं नाही तर एरवी जे करतो ते. आता ज्या ग्राहकासाठी हे चाललं होतं, त्याला मशीन बंद करायची सोय नाही. चालू मशीनमधूनच कार्ड उपसायचं आणि परत लावायचं, म्हणजे ड्रायव्हरनं त्याच कार्डाला दुसऱ्यांदा भेटायचं. आमचं घोडं तिथं अडलं होतं.

पहिल्यांदा लावलं की कार्ड चिठ्ठीबरहुकूम आठ रांगा लावायचं. काढून परत लावलं की हिरवा दिवा लागायचा, नोंदीत एक चूक नाही, सगळं ठीक असा निर्वाळा, आणि रांग मात्र एकच. माहिती अशी तुंबायची की बघवत नव्हतं. दाजी, बोंब मारणारा प्रोग्राम परवडला, हा हसतमुखानं बुडवणारा नको. मी कार्ड बदललं, केबल बदलली, पेटी उन्हानं तापते म्हणून खाली ओलं पोतं घातलं (आईनं ते भाजीला घालायचं म्हणून परत नेलं). शेवटी ड्रायव्हरमध्ये पावलोपावली छापायला लावलं, चिठ्ठी इथवर आली का, इथवर आली का. दारात चिठ्ठी भरलेली दिसे आणि आत गेल्यावर कोरी. मधल्या मधे तिला कोण गिळतंय ते काही कळेना. तिकडून पुण्याच्या ऑफिसातले आमचे धनाजी सर (मुलखाचे सज्जन, पण घाबरले की इंग्रजीत बोलतात) सांगत होते, की चाचणी बिनसली तर घरून काम बंद, बाडबिस्तरा उचलून पुण्याला हजर व्हायचं. आणि आण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मी इथं का आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

ती चाचणी नेमकी तुमच्या धोंड्याच्या दिवशी आली. माळवदावरच्या खोलीत मी, समोर पडद्यावर ग्राहकाची गंभीर तोंडं, आणि खाली आई तुमचे पाय धूत होती. आपल्याकडं मेहुण्यानं जावयाशेजारी बसून वाढपावर नजर ठेवायची, ते सोडून मी वर कार्ड उपसत होतो आणि लावत होतो. लावलं की एक रांग. पुन्हा उपसलं, पुन्हा लावलं, पुन्हा एक रांग. धनाजी सर इंग्रजीत बोलायला लागले. तेवढ्यात लाईट गेली, इन्व्हर्टर किरकिरायला लागला, आणि त्या किरकिरीतून खालून ताईची हाक आली. तिनं "योग्या" म्हटलं असतं तर मी गेलोही नसतो. तिनं नुसतं "आगं आई" म्हटलं आणि माझे पाय जिन्यावर होते.

पुढचं तुम्ही सोसलंय, तरी आमची बाजू ऐका. सोनारीहून नागूबाई काकू मदतीला आल्या होत्या. काकडीची कोशिंबीर त्यांनी केली आणि रीतसर मूठभर दाण्याचं कूट घातलं, कारण आमच्या घराचं डिफॉल्टच ते आहे. भाजीत कूट, आमटीत कूट, आणि कशात काय घालावं सुचलं नाही तर कूट. त्यांना बोल लावला तर त्या उलट म्हणाल्या, "काकडीत कूट न्हाय घालायचं तर काय राख घालायची?" तुम्हाला दाणे चालत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा तुम्ही या घरी आलात तेव्हा ताईनं प्रत्येकाला धरून धरून बजावलं होतं, आईनं कुटाचा डबा उचलून शेजारी नेऊन ठेवला होता. या खेपेला आईला वाटलं, आता ते घरचे झाले, घरच्या माणसाला काय चालतं काय नाही असं विचारलं तर त्याला परकं केल्यासारखं होतं. ताईला वाटलं, माहेरी काय सांगायचं. आणि तुम्हाला वाटलं, यांना माहीत असणारच, शिवाय धोंड्याच्या ताटावर बसून जावयानं "ह्यात काय घातलंय" विचारायचं म्हणजे घराण्याचा अपमान. सासू पुढ्यात उभी राहून घ्या घ्या म्हणते आहे, तुम्ही घेताय, छान झालंय म्हणताय, आणि ओठ फुगत चाललेत. दाजी, इतक्या सभ्य माणसांनी मिळून एखाद्याचा जीव धोक्यात घातल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही.

तुमच्याच गाडीत तुम्हाला घालून नळदुर्गला नेलं. मी गाडी हाकत होतो, आई मागं तुमचं डोकं धरून सोनारीच्या काळभैरवाला एकामागून एक नवस बोलत होती, आणि तुमचा श्वास घरघरायला लागला तसं माझ्या डोक्यातून पेटी, ग्राहक, पुणं सगळं उडालं. आरशात मला तुमचं तोंड दिसत होतं. ओठ भरल्या वांग्यासारखे झालेले (क्षमा असावी), कपाळावर कुंकू, अंगात आहेराचा नवा सदरा. खरं सांगतो, मी इतका कधीच भ्यालो नव्हतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, आता धोका नाही. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. मग डॉक्टरांनी आईला विचारलं, दाणे चालत नाहीत हे घरात कुणी सांगितलं नव्हतं का? आणि आई म्हणाली, "पहिल्या टायमाला आले तवा सांगितलं हुतं की! आता घरचेच झाले, दर खेपेला कोण इचारतंय?"

दाजी, तिथंच मला चिठ्ठी गिळणारा सापडला. आमचा ड्रायव्हर दुसऱ्यांदा आलेल्या कार्डाचा पत्ता बघत होता, हे तर आपलंच म्हणत होता, आणि ओळखीच्याला काय विचारायचं म्हणून नवी चिठ्ठी न उघडताच बाजूला टाकत होता. जुनी चिठ्ठी तर पहिल्या भेटीनंतरच, जागा कशाला अडवा, म्हणून फेकलेली. मग हातात उरलं काय? डिफॉल्ट. एक रांग. मूठभर कूट. इतके दिवस मी दरवाजे आणि कुलपं तपासत होतो आणि घोळ होता तो आदरातिथ्यात. मी "सापडलं!" म्हणून ओरडलो हे कबूल. टाळी वाजवली, हेही कबूल. नर्सबाईंना वाटलं कुणाचं तरी डोरलं सापडलं. "दाजी, तुमच्या ओठांचे लई उपकार झाले" असं मी म्हणालो, असं आई सांगते. मला ते आठवत नाही, पण आई खोटं बोलत नाही. ग्राहकानं संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती आणि गाडीची चावी माझ्या खिशात होती, मी तसाच घराकडं सुटलो. ती गाडी तुमची होती, तुम्ही सलाईनवर होता आणि तुम्हाला घरी परत यायचं होतं, हे माझ्या ध्यानात जळकोटची कमान दिसल्यावर आलं. तोवर मी ड्रायव्हर मनातल्या मनात निम्मा दुरुस्त केला होता.

तुम्ही आणि आई काळी-पिवळीतून आलात, शेजारी कुणाची तरी शेळी होती, आणि कुंकू अन् नवा सदरा बघून अख्ख्या जीपनं कुणाचे जावई म्हणून चौकशी केली, हे सगळं मला नंतर कळलं. तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा मी जिन्यावरून पेढे घेऊन उतरत होतो. कार्ड उपसलं, लावलं, आठ रांगा! ग्राहक हसला, धनाजी सर मराठीत बोलले, माझं पुण्याला जाणं टळलं. ते पेढे मी तुमच्यापुढं धरले. सुजलेल्या ओठांच्या माणसापुढं. तुम्ही पेढ्याकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत आणि चावीसाठी हात पुढं केलात. ताई म्हणत होती, आधी ताट पुरं करा मग जाऊ. तुम्ही म्हणालात, आत्ताच्या आत्ता चल. ती जागची हलली नाही. गाडी हायवेला लागेपर्यंत आम्ही सगळे ओसरीवर उभे होतो. मला तुमच्यापेक्षा पेटी जास्त वाटत नाही, दाजी. त्या आरशात मी जे बघितलं, ते मला अजून जेवताना दिसतं.

एवढं कळवायचं होतं. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. तुमचा राग ओसरेपर्यंत मी स्वतःला आपलाच म्हणवून घेत नाही, नुसतं नाव लिहितो.

योगीराज

ता. क. — खरं काम पुढंच आहे. अमावास्येच्या आत एकदा या. ताट आई नव्यानं करणार आहे, पण ताईच्या हट्टामुळं मोजून अर्धंच वाढणार आहे, कारण अर्धं तुम्ही खाल्लेलं आहे. नागूबाई काकू मुद्दाम थांबल्या आहेत. काकडीत काय घालायचं यावर त्यांचा आणि आईचा अजून निकाल लागलेला नाही.

ता. क. दुसरा — वर मी फुशारकी मारली, ती निम्मी परत घेतो. काल धनाजी सरांनी माझ्या दुरुस्तीतली खोट काढली. नवी चिठ्ठी असली तर ड्रायव्हर आता उघडून वाचतो, पण कुणी चिठ्ठीच दिली नाही तर जुनं सांगणं विसरून पुन्हा एका रांगेवर येतो. म्हणजे आधी न विचारणारा होता, तो मी विसरणारा करून ठेवला. आता असं केलंय: नवं सांगितलं तर नवं धरायचं, काही सांगितलं नाही तर जुनं जपून ठेवलेलं धरायचं, आणि डिफॉल्टला शेवटी हात लावायचा. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी पगार देत्यात व्हय?" पण तेव्हापासून ती दारात आलेल्या प्रत्येकाला काय चालत नाही ते विचारते आहे. आज टपालवाल्याला विचारलं.

ता. क. तिसरा, आणि हा एकट्यानं वाचा — ताई सगळ्यांसमोर म्हणते, ते येवोत न येवोत, मला काही घाई नाही. पण परवापासून तिची पिशवी भरून दाराआड ठेवलेली आहे. तुमच्या उरलेल्या गोळ्यांची पट्टी तिनं वरच ठेवली आहे, हाताला लागेल अशी; तुम्ही ती गडबडीत इथंच विसरला होतात, हे मला आजच कळलं. मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका, नाहीतर ती पिशवी पुन्हा रिकामी करील.