जहाजावरचा एक तास

बाबा, आई कशी गेली ते तुम्हाला सांगायला हवं. रायपूरला आपल्या तात्यापारा मोहल्ल्यात मी सगळ्यांना जे सांगितलं ते खरं नाही.

तुम्ही रेल्वेत गार्ड, आणि तुमची गाडी कितीही लेट असो, आई तुमच्याआधी जेवायची नाही. एकदा तुम्ही दुपारी चारला घरी आलात, ती स्वयंपाकघरात तशीच बसलेली. तुम्ही डबा आपटलात. "काहून उपाशी बसून राहिली? गाडीचा काही भरवसा आहे काय?" तिनं उठून दोन ताटं घेतली. तुम्ही वारल्यावर ती माझ्या फोनसाठी थांबू लागली. बाराच्या ठोक्याला इन्सुलिन टोचून घ्यायची, आणि मी फोनवर "जेव" म्हटलं की मगच पहिला घास. मी किती भांडले. "तुह्या बाबासाठी थांबत होती, तुह्यासाठी नाई थांबू?" एवढंच म्हणायची. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

यंदा आम्ही नवराबायको सिंगापूरहून क्रूझवर गेलो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणून मी दुपारी अडीचला फोन करायचे. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये चिठ्ठी आली, घड्याळं एक तास मागे घ्या. मी माझ्या हातातलं तुमचं मनगटी घड्याळ मागे घेतलं. लहानपणी त्याचे काटे फिरवले म्हणून तुम्ही ओरडला होतात, "माह्या ड्यूटीचं घड्याळ आहे ते, पोट्टी." ते आठवून मी हसले. काटे मागे गेले, पण डोक्यातले अडीच तास तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी मी अडीचलाच फोन लावला, तेव्हा रायपूरला एक वाजला होता. शेजारच्या सुनेनं उचलला. "दीदी, आई उठूनच नाही राहिल्या." तिच्यासमोर ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, शुगर एकदम उतरली.

समुद्रात नेटवर्क नव्हतं, असं मी सांगितलं. सगळे म्हणाले, मग तुझा काय दोष. हे पत्र तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, शेजारी आता तिचा फोटो आहे. नेटवर्क होतं, बाबा. त्या दिवशी जहाजावर दोन वाजता, म्हणजे तिकडे साडेबाराला, तिचाच फोन आला होता. माझ्या पुढ्यात आइसक्रीम होतं. मला वाटलं, तिकडे बारा वाजायला अजून अर्धा तास आहे, आणि मी तो उचलला नाही.