जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं

८ जून, चामराजपेट
हे जिन्यावरून पडले. उजवा हात मोडला. मी दारातच होते. चपलेचा पट्टा तुटला, पाय घसरला, खाली. जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं. आणि इस्पितळात ह्यांनी पोलिसाला सांगितलं, "वरच्या मजल्यावरच्या नागेशने ढकललं." काल स्कूटर लावण्यावरून दोघांचं भांडण झालं हे खरं. पण ढकललं?
मी तोंड उघडायच्या आत माझ्याकडे बघून म्हणाले, "ही स्वयंपाकघरात होती. हिला काय माहीत."

९ जून
पोलिसांनी नागेशला नेलं. दाढी अर्धीच झालेली. त्याची बायको लता अनवाणी मागे धावली. परत येताना मला म्हणाली, "अक्का, तुम्ही घरीच होता ना?"
मी दार लावून घेतलं.

१७ जून
जामीन झाला. नोकरी मात्र गेली. ह्यांना म्हटलं, तक्रार मागे घ्या. "स्वल्प थांब. घर सोडून गेला की झालं."

३० जून
नागेश आता खाली उभा राहून आधी हाक मारतो. "वर येतोय. जिन्यात कोणी आहे का?" उत्तर आल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नाही. आज मीच म्हणाले, "कोणी नाही, या."

२ ऑगस्ट
ते आनेकलला राहायला गेले. लतेच्या माहेरी. टेम्पोत सामान भरताना मी खिडकीशीही गेले नाही.

१९ ऑक्टो.
दिवेलागणीला ती हाक अजून येते. आज तर जिन्यात जाऊन बघितलं. हे म्हणतात, कान तपासून घे. कान कसले…

११ जाने.
मध्ये वर्षभर ही वही उघडली नाही. दीड वर्षाने केस उभी राहिली. ह्यांनी शपथेवर तेच सांगितलं. न अडखळता. मीच क्षणभर गोंधळले, इतकं खरं वाटलं.

२३ जाने.
नागेशच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं.
"कुठे होता?"
"दारात."
"काय दिसलं?"
सांगितलं सगळं. ह्यांच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. येताना वेगवेगळ्या रिक्षांनी आलो.

६ फेब्रु.
नागेश निर्दोष. खोट्या साक्षीबद्दल कारवाई का करू नये, याचं उत्तर ह्यांना द्यायचंय. बाहेर लतेला म्हटलं, माफ कर.
"सरी, ठीक आहे, अक्का. पण इतके दिवस कुठे होता?"
नागेश बाजूला भिंतीला चिकटून उभा. कोर्टाच्या जिन्यावरचे लोक जाईपर्यंत हलला नाही.

२ मार्च
ह्यांची तारीख. वकील म्हणतात, शिक्षा होऊ शकते, आणि मला पुन्हा बोलावतील. सकाळी मी ह्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होते, मोडलेला हात अजून नीट उचलला जात नाही.
"बोलावलं तर जाशील?"
इतका बारीक आवाज ह्यांचा कधी ऐकला नव्हता. गळ्याजवळचं बटण राहिलं होतं. ते लावलं. कॉलर सरळ केली.