मागच्या वाक्याचं शेपूट

प्रिय ठमाबाई,

हातात फोन असताना बाबांना पत्राची अवदसा का आठवली, असं म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं हल्ली कसं होतं ते तुलाही ठाऊक आहे. ते असंच चालू राहिलं तर एक दिवस आपल्याला बोलायला काही उरणारच नाही, अशी मला धास्ती वाटते. म्हणून लिहायला बसलोय.

सध्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला इंग्रजी निबंधलेखन शिकवतोय. मुलांचं व्याकरण बरं आहे, शब्दही भारी भारी वापरतात, पण एका वाक्याचा दुसऱ्याला पत्ता नसतो. मी सांगतो, मागच्या वाक्याचं शेपूट धरून पुढच्यानं निघावं. ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी आणि नव्या गोष्टीवर पोचावं. माना डोलावतात आणि पुन्हा तेच लिहितात. मग मी त्यांना प्रत्येक वाक्याची फक्त सुरुवात मोठ्यानं वाचायला लावतो. परवा एका मुलीनं पाणीटंचाईवरचा निबंध असा वाचला: पाणी, सरकार, आजचं युग, माझे काका. वर्ग हसून हसून लोळला. हे काका मध्येच कुठून टपकले विचारलं, तर ते एका इमारतीत टाकी भरायचं काम करतात, असं तिनं पडलेल्या आवाजात सांगितलं. मग तिनं आधी टाकीवर संपणारं एक वाक्य घातलं आणि काका रीतसर दारातून आत आले. निबंध एकदम तिचा स्वतःचा वाटायला लागला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, पण ते सांगायला घरी कोणी नव्हतं.

कुलूप काढलं, दिवा लावला, आणि खोडच ती, आपल्या रविवारच्या फोनला तीच परीक्षा लावून पाहिली. गोळ्या, पंखा, बँक, हवा. तू विचारतेस, मी उत्तर देतो, तू पुढचं विचारतेस. काळजीपोटीच विचारतेस, कळतं मला. पण उत्तराचं शेपूट कोणी धरत नाही. तुझी आई धरायची. शर्टाचं बटण तुटलं म्हटलं की ती बटणावरून शिंप्यावर, शिंप्यावरून त्याच्या सुनेवर जायची आणि ताटातली भाजी गार व्हायची. विषयाला किती फाटे फोडतेस म्हणून मी वैतागायचो. ती गेल्यापासून माझं बोलणं जिथे संपतं तिथेच पडून राहतं. वर्गात मात्र तोंडाचा पट्टा चालू असतो. घंटा झाली की मुलं दप्तरं आवरतात आणि मी अजून बोलतच असतो. एकटं वाटतं गं. हे एवढं फोनवर कधी जमलं नाही, इथे लिहून टाकलं.

पण हे रडगाणं गायला काही पत्र लिहिलेलं नाही. गेल्या रविवारी हवापाण्याचं बोलून झाल्यावर तू सहज म्हणालीस, की हल्ली ऑफिसातून आल्यावर तू लगेच दार उघडत नाहीस, जिन्यातच बसून राहतेस, कारण आत कोणी नसतं. आणि मी म्हणालो, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतला. मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. घाबरलो, आणि सुचेल त्या विषयावर उडी मारली. तूही बरं झालं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझं ते वाक्य तिथेच पडून आहे. म्हणून आता तिथूनच सुरू करतो. कितव्या पायरीवर बसतेस? तिथे दिवा असतो का? काय काय मनात येतं? सगळं सांग, कितीही लांबलं तरी चालेल. मी शुक्रवारची रजा टाकली आहे, दुपारच्या गाडीनं निघतो. तू कामावरून येशील तेव्हा जिन्यातच बसलेला असेन. दार उघडायची मलाही घाई नाही.

तुझाच,
बाबा